कोलेतचे कागद

कप्तान झ्यूल कोलेत यांना लेखक व्हायची भारी हौस. १८५९ साली इटलीत मेलेन्यानोच्या लढाईत त्यांचा एक पाय गेला, पुढे बर्गंडीतल्या सँ-सोव्हर या खेड्यात करवसुलीची नोकरी मिळाली. घरातल्या वरच्या फळीवर त्यांनी लिहिलेली म्हणून डझनभर पुस्तकं दिमाखात उभी असायची. पक्की बांधणी, हातानं लिहिलेली नावं : आपल्या मोहिमांवर एक, १८७०च्या युद्धाच्या धड्यांवर एक, भूमापनावर एक. १९०५ साली कप्तान वारले तेव्हा घरच्यांनी ती पहिल्यांदा खाली काढली. आत शेकडो पानं, कडा नीट कापलेली, आणि झाडून सगळी कोरी. मजकुराचं पान एकच : बायकोला केलेली अर्पणपत्रिका.

कागद मात्र उंची होता, तो वाया कसा घालवायचा? कप्तानांची मुलगी, फ्रेंच लेखिका कोलेत, सांगते त्याप्रमाणे तिच्या डॉक्टर भावानं त्यावर औषधांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, नातवंडांनी रेघोट्या ओढल्या आणि आईनं मुरंब्याच्या बरण्यांची तोंडं बांधली. आपल्याकडे बरणीला फडक्याचा दादरा बांधतात, तसा तिकडे तेव्हा कागद. मुरंबा गरम असतानाच भरायचा, वर ब्रँडीत बुडवलेली कागदाची चकती बसवायची म्हणजे बुरशी धरत नाही, मग दुसरा कोरडा कागद ताणून दोऱ्यानं आवळायचा. पातळ कागद दमटपणानं सैल पडतो आणि पोटमाळ्यावरच्या मुंग्यांचं फावतं. कप्तानांचा कागद जाड होता. त्यांच्या समग्र वाङ्मयाचा एवढा उपयोग झाला, हेही काही कमी नाही.

त्यांच्या मुलीची, सिदोनी-गाब्रिएल कोलेतची (१८७३–१९५४), सगळी कारकीर्द कागदांवरून सांगता येते. तिच्या स्वतःच्या आठवणींपेक्षा ते जास्त भरवशाचे साक्षीदार आहेत, कारण आठवणी ती सुरेख पॉलिश करून देते.

पहिला कागद शाळेच्या वहीचा. १८९३ साली तिचं लग्न विलीशी झालं. खरं नाव आंरी गोतिए-व्हिलार. पॅरिसमधला नामांकित संगीत समीक्षक, आणि पदरी भाडोत्री लेखक बाळगून स्वतःच्या नावावर कादंबऱ्या खपवणारा गृहस्थ. त्यानं बायकोला शाळेतल्या गमतीजमती लिहून काढायला सांगितल्या. तिनं मुद्दाम शाळेसारख्याच वह्या आणल्या : करड्या रेघा, समासाची तांबडी रेघ, काळ्या कापडाची पाठ, वेष्टणावर नक्षीदार अक्षरं. चाळीस वर्षांनंतर आठवणी लिहिताना तिला वहीचं वेष्टणसुद्धा जसंच्या तसं आठवतं. विलीनं वाचलं, बिनकामाचं ठरवलं आणि वह्या खणात कोंबल्या. काही वर्षांनी खण आवरताना त्या हाती लागल्या, पुन्हा चाळल्या, आणि स्वतःला शिव्या घालत, टोपी उचलून त्यानं थेट प्रकाशक गाठला. १९०० साली ‘क्लोदीन शाळेत’ छापून आली. वेष्टणावर नाव एकच : विली.

पुढची तीन वर्षं दरसाल एक क्लोदीन. आपल्याला रोज चार तास खोलीत कोंडून पानं लिहून घेतली जात, असं तिनं १९३६ साली सांगितलं. विली १९३१ मध्येच वारला होता, उत्तर द्यायला कोण उरलं होतं? किती खरं आणि किती रंगवलेलं, यावर चरित्रकार अजून वाद घालतात. हस्तलिखितं मात्र साधी गोष्ट सांगतात. मजकूर तिच्या अक्षरात, आणि समासात विलीचं अक्षर : इथे कोटी घाल, तिथे ओळखीच्या कुणाला चिमटा काढ, हे जरा चावट कर. म्हणजे तो चोर होताच, पण कामसू संपादकही होता. जाहिरातीत तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. क्लोदीनच्या नावानं अत्तर आणि सिगारेटी विकल्या गेल्या, आणि शाळकरी फ्रॉकच्या गोल कॉलरला फ्रान्समध्ये आजही तिचंच नाव आहे. १९०७ साली त्यानं या कादंबऱ्यांचे हक्क प्रकाशकाला परस्पर विकून टाकले. हस्तलिखितं नष्ट करायचा हुकूमही त्यानं आपल्या चिटणिसाला दिला होता. चिटणिसानं तो पुरता पाळला नाही, म्हणून तर हे समास आज वाचायला मिळतात.

मग नाव हळूहळू सरकत गेलं. १९०४ साली प्राण्यांच्या संवादांच्या पुस्तकावर ‘कोलेत विली’. घटस्फोट १९१०चा. त्या सुमारास ती नाट्यगृहांतून मूकनाट्यं करत गावोगाव फिरत होती आणि त्याच अनुभवावर कादंबरी लिहीत होती. विली हे शेपूट पूर्ण गळून नुसतं ‘कोलेत’ उरलं ते १९२३ साली. आणि कोलेत हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, आडनाव आहे. कप्तानांचं.

दुसरा कागद आईच्या पत्राचा. १९२८च्या एका पुस्तकाची सुरुवातच आई सिदोच्या पत्रानं होते. जावई, म्हणजे लेकीचा दुसरा नवरा, भेटीला बोलावतो आणि ती नकार कळवते, कारण तिचा गुलाबी निवडुंग फुलायच्या बेतात आहे. तो चार वर्षांतून एकदाच फुलतो, आणि आपण म्हाताऱ्या. पुढचं फुलणं बघायला मिळेल न मिळेल. अर्ध्या फ्रान्सनं या आईवर जीव टाकला. मूळ पत्र पुढे उजेडात आलं. त्यात गुलाबी निवडुंग नाही, फुलायला आलेलं दुसरंच एक रोप आहे, आणि आई येते म्हणाली आहे! लेकीनं होकाराचा नकार केला. त्यावर फसवणूक म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. होकार देणाऱ्या आईवर पुस्तक उभं राहिलं नसतं. लेकीनं आईला लिहिलेली पत्रं मात्र भावानं जाळून टाकली, त्यामुळे तिच्या बाजूचा पडताळा घ्यायची सोय नाही.

कविता म्हणावी असं तिनं थोडं लिहिलं. त्यातलं सर्वांत नेमकं म्हणजे संगीतकार राव्हेलच्या ऑपेराची संहिता. तिनं ती झटपट हातावेगळी केली, राव्हेलनं संगीताला वर्षानुवर्षं लावली. १९२५ साली मोन्ते-कार्लोला पहिला प्रयोग झाला. रागावलेला मुलगा भिंतीवरचा कागद टरकावतो, पुस्तकं फाडतो. मग फाटक्या पानातली राजकन्या उठून येते आणि विचारते, आता माझ्या गोष्टीचं काय होणार? उरलेली पानं सापडतात ती गणिताची.

तिसरा कागद निळा. पॅरिसमधल्या पाले-रोयालच्या घरात, पाय मोडल्यानंतर जडलेल्या संधिवातानं शेवटची वर्षं ती पलंगालाच खिळली होती. पलंगावर फाउंटन पेननं लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. पाठ फार टेकली की कागद तोंडासमोर उभा राहतो, निब वर होतं आणि शाई उतरत नाही. मांडीवर पाट घेतला तर हाताचा भार मोडलेल्या पायावर येतो. तिच्याकडे पलंगावर पुलासारखं आडवं बसणारं मेज होतं, पोलिन्याकच्या राजकन्येनं दिलेलं. ही राजकन्या म्हणजे शिलाई मशीनवाल्या सिंगरची लेक. तेव्हा उपयोगाची वस्तू कशी निवडायची हे तिला ठाऊक असणारच. पांढरा कागद दिव्याखाली डोळ्यांवर येतो, म्हणून कोलेत फिक्या निळ्या कागदावर लिहायची, आणि तोच कागद दिव्याभोवती गुंडाळायची. रात्री खालच्या बागेतून जाणाऱ्यांना निळी खिडकी दिसली की म्हातारी कामावर आहे हे कळे.

१९४६ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, आता लिहिणं पुरे असं तिनं छापून जाहीर केलं आणि लोकरीचं भरतकाम हाती घेतलं. तीन वर्षांनी आणखी एक पुस्तक आलं, त्या निळ्या दिव्याच्याच नावाचं.