झेंड्यात कोण दिसत नाही?

गेल्या आठवड्यात ओवीला शाळेतून गृहपाठ मिळाला. ऑस्ट्रेलियाचा झेंडा काढा, त्यात काय काय आहे ते लिहा, आणि त्यात कोण दिसत नाही तेही लिहा. ओवी तिसरीत आहे. जेवणाच्या टेबलावर रंगखडू पसरून ती कोपऱ्यातला युनियन जॅक रंगवत बसली होती. पोळ्या लाटता लाटता तो शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला.

खरं सांगते, मला ते आवडलं नाही. नाशिकला आम्ही 26 जानेवारीच्या आदल्या रात्री कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून ठेवायचो आणि सकाळी थंडीत कुडकुडत सावधानमध्ये उभे राहायचो. झेंड्याला सलामी द्यायची, एवढंच ठाऊक. ज्या देशाने आपल्याला थारा दिला, त्याच्याच झेंड्याला नावं ठेवायला पोरीला शिकवायचं?

ओवी मान वर न करता म्हणाली, "आई, वुरुंजेरी लोक नाहीत ना यात."

आम्ही मेलबर्नला राहतो ती जमीन वुरुंजेरी लोकांची. ओवीच्या शाळेत दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी एक मूल पुढे येऊन हे म्हणतं, त्यांच्या वाडवडिलांना वंदन करतं, मग राष्ट्रगीत होतं. शहरातून वाहणारी यारा नदी तिला बिरारुंग या मूळ नावानेही माहीत आहे. त्याच राष्ट्रगीतात पूर्वी 'आपण तरुण आणि स्वतंत्र' अशा अर्थाची ओळ होती. इथे माणसं राहायला लागून 60 हजार वर्षं झाली असतील, तर हा देश तरुण कसा? वर्षानुवर्षं लोक हे विचारत राहिले, तेव्हा 1 जानेवारी 2021 पासून 'तरुण'च्या जागी 'एक' आला. शाळेच्या फाटकाशी झेंड्याचे खांबही तीन आहेत. एकावर राष्ट्रध्वज, दुसऱ्यावर हॅरॉल्ड थॉमस यांनी 1971 मध्ये केलेला काळा-लाल-पिवळा अ‍ॅबोरिजिनल झेंडा, तिसऱ्यावर टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांचा. या दोन्हींना सरकारी मान्यता मिळाली ती 1995 मध्ये.

आपल्याला इथे 26 जानेवारी फार जड जाते. सकाळी आम्ही तिरंगा वंदन करून जिलेबी खातो. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवसही हाच, आणि त्याच दिवशी शहरात हजारो लोक काळे-लाल-पिवळे झेंडे घेऊन मोर्चाला निघतात, कारण 1788 साली याच तारखेला सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांचा झेंडा रोवला गेला. 150 वर्षं झाली तेव्हा, 1938 मध्ये, मूळनिवासींनी हा दिवस शोकदिन म्हणून पाळला होता. हे सगळं ओवीला सांगितल्यावर तिने हातातल्या निळ्या खडूने युनियन जॅकवर टकटक केलं. "हाच झेंडा आपल्याकडेही होता ना?"

होता. 'आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचंय' असं आपल्या मंडळींत सर्रास म्हटलं जातं. मूळनिवासींना संसदेपुढे मत मांडण्यासाठी राज्यघटनेत हक्काचं स्थान द्यावं का, यावर 14 ऑक्टोबर 2023 ला सार्वमत झालं आणि सुमारे 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, तेव्हाही हे वाक्य मी पुष्कळ ऐकलं. मला ते पटत नाही. घराचे हप्ते मी फेडते, पण त्या घराखालची जमीन कुणाकडून रीतसर मागून घेतलेली नाही.

रात्री व्हिडिओ कॉलवर मी आबांकडे तक्रारीच्या सुरात गृहपाठ वाचून दाखवला. आबा सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत 32 वर्षं शिक्षक होते. वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "विचारू दे की पोरीला." मग त्यांनी आदिवासींचे नेते जयपालसिंह मुंडा यांची गोष्ट काढली. 1928 च्या ऑलिंपिकमधल्या आपल्या हॉकी संघाचे ते कर्णधार. 22 जुलै 1947 ला संविधान सभेत तिरंगा स्वीकारला गेला, तेव्हा त्यांनी त्याचं स्वागत केलं आणि भर सभेत सांगितलं, की आदिवासी गावांचे स्वतःचे झेंडे त्याहून कितीतरी जुने आहेत, ते झेंडेही राहतील.

मी मागे भिंतीकडे पाहिलं. तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं. येताना कौतुकाने आणलेलं वारली चित्र. ते कुणी काढलंय, हे मला सांगता आलं नसतं.

आबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी रोज त्या पोरांकडून 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणवून घेतलं. घरी ती कोकणा बोलायची. त्या भाषेत हे कसं म्हणतात, ते एकदाही विचारलं नाही गं मी."

त्यांचा एक विद्यार्थी आता तिकडेच शिक्षक आहे. रविवारी आबा त्याला फोन करणार आहेत. तोवर ओवीने झेंड्यासमोरचं पान कोरं ठेवलंय, वर फक्त 'आबांकडून येणार आहे' असं लिहून.