गुडघ्यांना कान नसतात

बास गिटार वाजवणाऱ्याची तक्रार ऐकली तर नवख्याला हसू येईल. पँटचे पाय फडफडताहेत, छातीत धडधडतंय, ड्रमवाल्याचा स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) कुणी हात न लावता आपसूक खरखरतोय, आणि हा गडी साउंडवाल्याकडे बघून कानाला हात लावतोय. मला मी ऐकू येत नाही! साउंडवाला मिक्सरकडे बघतो, तर बासच्या चॅनेलची पट्टी लालीला टेकलेली. खोटं दोघंही बोलत नसतात.

गंमत अशी की इथे आवाज कमी नसतो. तो भरपूर असतो आणि आपलाच असतो, पण भलत्या जागेवरून आणि उशिरा आलेला. वर त्याचं डोकं छाटलेलं.

बासची जाड ई तार मोकळी छेडली की तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. हवेतली त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. एवढ्या लाटेपुढे मीटरभर रुंदीचं सबचं, म्हणजे फक्त खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, खोकं म्हणजे ओढ्यातला दगड. लाट त्याला वळसा घालते आणि प्रेक्षकांकडे जाते तितक्याच जोमाने मागे स्टेजवरही येते. उंचावर टांगलेल्या टॉप स्पीकरचं तसं नाही. त्यांतले मधले आणि वरचे सूर बॅटरीच्या झोतासारखे समोर जातात, स्टेजच्या वाट्याला त्यांची पाठ. म्हणजे स्टेजवरच्या माणसाला अख्ख्या पीएमधला (प्रेक्षकांसाठी लावलेल्या ध्वनियंत्रणेतला) फक्त तळ मिळतो. बंद दाराआडून पलीकडच्या खोलीतलं गाणं ऐकावं तसं. घुमतंय एवढं कळतं, वाजतंय काय ते कळत नाही.

त्यात कानाची एक खोड आहे. जोरकस खालचा सूर आपल्या वरच्या सुरांना झाकून टाकतो, वरचा मात्र खालच्याला तितकासा झाकू शकत नाही. सब जोरात असला की आपल्या अँपमधून (मागे ठेवलेल्या बासच्या अँप्लिफायरमधून) येणारे मधले सूर त्याच्या पांघरुणाखाली जातात, आणि बासची ओळख नेमकी त्या मधल्या सुरांतच असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तसाच बासचा प्रत्येक सूर आपल्याबरोबर वरची सगळी वरात घेऊन येतो. ४१ बरोबर ८२, १२४, १६५. मूळ सूर गायब केला तरी या वरातीवरून कान तो ओळखतो. मोबाइलच्या टिचभर स्पीकरला ४१ हर्ट्झ काढणं जन्मात जमायचं नाही, तरी त्यावर बासची चाल समजतेच ना!

पहिला मोह अर्थातच अँपवरचा बासचा नॉब उजवीकडे पिळण्याचा. इथे गणित आपल्या विरुद्ध आहे. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वीज. ३०० वॉटच्या अँपने हजारो वॉटच्या सबशी खालच्या सुरात पंजा लढवणं म्हणजे हात मोडून घेणं. आणि लढलात तरी वाढणार काय? आधीच जास्त झालेली घुमी. ती गायकाच्या माइकमध्ये शिरते, माइकमधून पुन्हा सबमध्ये, आणि साउंडवाला वैतागून पीएमधला बास खाली ओढतो. मग बास ऐकू येतो तो फक्त अँपच्या अगदी समोर बसलेल्या चार माणसांना. तेही कानात बोटं घालून.

म्हणून करायचं ते उलट. खालचा मजला सबला देऊन टाकायचा. अँपवर बास नऊ वाजता, म्हणजे घड्याळाच्या काट्याने मोजलं तर डावीकडे. अँपवर किंवा पेडलबोर्डवर हायपास फिल्टर (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारा) असेल तर तो ८० ते १०० हर्ट्झवर. मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉब वर, आणि त्याची जागा निवडता येत असेल तर ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास. काँटूर किंवा शेप अशा नावाचं एखादं बटण असतं, ज्याने मधला भाग खचतो आणि घरी एकट्याने वाजवताना स्वर्ग दोन बोटं उरतो, ते बंद. एकटा अँप ऐकला तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा, कोता वाटेल. वाटू द्या. पीए सुरू झाला की खालचं शरीर सब पुरवतो आणि हे नाक वर राहतं.

गिटारवरही थोडं काम आहे. दोन पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांच्या) बासवर दोन्ही नॉब पूर्ण उघडे असले की काही मधले सूर एकमेकांना खातात. एक नॉब किंचित मागे घेतला की ते परत येतात. पैसा नको, पेडल नको, पाव वळण बोट फिरवायचं. चिमूटभर ओव्हरड्राइव्हही, म्हणजे आवाज किंचित फाटवणंही, चालतो, कारण त्याने वरची वरात वाढते.

पण एवढं करून आवाज जातो कुठे, तर गुडघ्यांवर. कॅबिनेट, म्हणजे अँपची स्पीकरची पेटी, जमिनीवर, आपण त्याच्यापुढे मीटरभर उभे. खालचे सूर सगळीकडे पसरतात, मधले मात्र स्पीकरच्या दहा इंची कोनमधून (थरथरणाऱ्या पडद्यातून) सरळ रेषेत निघतात आणि पायांमधून प्रेक्षकांकडे जातात. मेंदू गुडघ्यात असलेली माणसं पुष्कळ भेटतात, कान असलेला अजून कुणी भेटला नाही. १९६९ साली आलेल्या अँपेगच्या ३०० वॉटच्या एसव्हीटीबरोबरचं आठ स्पीकरचं कॅबिनेट फ्रिजएवढं होतं. त्याच्या दणक्याचं कौतुक खूप होतं, पण वरच्या स्पीकरच्या ओळी जवळपास छातीपर्यंत येतात हा त्याचा गुण फारसा कुणी बोलून दाखवत नाही. तो फ्रिज उचलायची ताकद नसेल तर छोटं कॅबिनेट मजबूत पेटीवर ठेवा, किंवा पुढच्या कडेखाली लाकडी पाचर सारून तोंड वर करा. कोनचा मध्य आपल्या चेहऱ्याकडे बघतोय की नाही, एवढंच बघायचं. उचलण्याचा दुसरा फायदा असा की स्टेज बहुधा आतून पोकळ असतं, म्हणजे एक मोठा ढोलच, आणि कॅबिनेट त्यावरून हटलं की तो ढोल निदान आपल्या हातून तरी वाजत नाही. खाली फोमची जाड लादी टाकली तर आणखी बरं.

आता इथे एक खड्डा आहे. अँपवरचा बास कापला आणि साउंडवाल्याला जाणारी तारही अँपच्या मागून निघत असली, तर प्रेक्षकांचाही बास कापला जातो. अँपच्या डीआयजवळ (मिक्सरकडे तार जाते त्या जॅकजवळ) प्री आणि पोस्ट असं बटण असतं. ते प्रीवर हवं, म्हणजे नॉब कसेही फिरवा, मिक्सरला गिटारचा मूळ आवाजच जातो. बटण नसेल तर वेगळा डीआय बॉक्स घ्या. गिटारची तार आधी ट्यूनरमध्ये (सूर बरोबर आहे का दाखवणाऱ्या पेडलमध्ये), तिथून डीआयच्या इनपुटमध्ये. डीआयच्या थ्रूमधून (आवाज जसाच्या तसा पुढे देणाऱ्या जॅकमधून) अँपकडे आणि एक्सएलआरमधून (तीन पिनांच्या जॅकमधून) मिक्सरकडे. ट्यूनर पहिला, कारण तो दाबला की दोन्हीकडचा आवाज एकदम बंद होतो. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. हा ट्यूनर शोभेचा नाही. सबच्या गदारोळात कानाला ई की एफ एवढं कळतं, तार किंचित चढली आहे का ते नाही. शिवाय स्वतःला ऐकू येत नसलं की उजवा हात नकळत जोर करतो आणि जोरात ओढलेली तार क्षणभर चढा सूर देते. बेसूर वाटण्याचं अर्धं कारण तिथे असतं.

सगळं जमूनही एखादा सूर गिळला जातो. समजा अँप आपल्यापासून दीड मीटरवर आणि सब साडेपाच मीटरवर आहे. फरक चार मीटर, म्हणजे ४१ हर्ट्झच्या लाटेची जवळजवळ अर्धी लांबी. एकाची लाट चढते तेव्हा दुसऱ्याची उतरते आणि मोकळी ई बसते. बाराव्या फ्रेटवरची (मानेवरच्या बाराव्या पट्टीवरची), एक सप्तक वरची ई मात्र ठणठणीत, कारण तिच्यासाठी तेच चार मीटर म्हणजे पूर्ण लाट. याची चाचणी साउंडचेकला दोन मिनिटांची आहे. ई तारेवर मोकळ्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर एकाच जोराने वाजवत जायचं. कुठला फुगतो, कुठला बुडतो ते लक्षात ठेवायचं. मग अँपवर किंवा साउंडवाल्याकडे पोलॅरिटीचं (लाटेची चढ-उतार उलटी करणारं) बटण असेल तर ते उलटं करून पुन्हा तीच वारी. तेही नसेल तर आपण उभे राहतो ती जागा मीटरभर सरकवायची. स्टेजच्या मधोमध सहसा घुमी सर्वांत जास्त, कारण डाव्या-उजव्या सबच्या लाटा तिथे एकाच वेळी पोचतात. ड्रमवाला बिचारा नेहमी तिथेच बसलेला असतो.

साउंडवाल्याशी बोलायचं तर साउंडचेकलाच, आणि ‘मला बास द्या’ असं मोघम बोलायचं नाही. नेमकं मागावं: मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) माझे फक्त मिड द्या, खालचं नको. गायकांच्या माइकवर १०० ते १२० हर्ट्झचा हायपास आहे का, हे नम्रपणे विचारावं. उघडे चार माइक स्टेजवरची घुमी गोळा करून सबमध्ये ओततात, तो नळ तिथे बंद होतो. सबला वेगळा ऑक्स (मिक्सरवरून निघणारी स्वतंत्र वाट) असेल तर त्यात किक (पायाने वाजवायचा ड्रम), बास आणि कीबोर्ड एवढेच जावेत. मोठ्या ठिकाणी काही सब उलटे ठेवून, त्यांची पोलॅरिटी फिरवून आणि काही मिलिसेकंदांचा उशीर देऊन मागचा आवाज खोडता येतो. कार्डिओइड म्हणतात ती मांडणी. बसली तर मागे १० डेसिबलपेक्षाही जास्त शांतता. पण ती आयत्या वेळी मागण्याची गोष्ट नव्हे.

उशिराचं प्रकरण राहिलं. आवाजाला मीटरभर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. पाच-सहा मीटरवरच्या सबपर्यंत ठीक आहे. पण हॉल वीस मीटर खोल असेल तर मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा खालचा सूर ११७ मिलिसेकंदांनी येतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे भिंत जवळजवळ अचूक पाव ठोका मागे राहून आपल्याबरोबर बास वाजवते. तिच्या नादी लागलं की गाणं ओढलं जातं. अशा हॉलमध्ये कानावर कमी आणि ड्रमवाल्याच्या हाय-हॅटवरच्या काडीवर डोळे जास्त ठेवावेत.

कानात साधे फोमचे बोळे घातले तर ते वरचे आणि मधले सूर जास्त कापतात, खालचे कमी. जे ऐकायचं तेच जातं. संगीतासाठी मिळणारे, सगळं सारखं कमी करणारे प्लग घ्यावेत. इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) असेल तर त्यात बासचा तळ अजिबात मागू नये. तो हाडांतून आणि बुटांतून येतच असतो, कानात फक्त मिड पुरेत.

आणि उघड्या मैदानावर हेच सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे भिंत नाही, छत नाही, घुमी वाऱ्यावर जाते आणि आपला नाकातला आवाज एकदम खरंच नाकातला वाटायला लागतो. हायपास ६० वर आणायचा, बासचा नॉब बारा वाजता. पाचर मात्र कॅबिनेटखाली राहू द्यायची.