भाव एजंट बदलतो, मग तुम्ही काय करता?

गोव्यातील फोंडा परिसरातील काही लहान विक्रेत्यांच्या काजू, सोलां (वाळवलेली कोकमे), मिरची, माडाचा गूळ अशा मालाच्या ऑनलाइन लिस्टिंग, म्हणजे ऑनलाइन बाजारपेठेवरील मालाच्या नोंदी, मी सांभाळतो. त्या अद्ययावत ठेवण्याचे बरेचसे काम आता एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामकडून, करून घेतो, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘त्याने भलताच भाव टाकला तर?’ तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. शंका रास्त आहे. पण सगळे जण एजंटच्या हुशारीविषयी विचारतात, आणि माझा अनुभव असा की नुकसान होणार की टळणार हे एजंट आणि बाजारपेठ यांच्यामध्ये बसवलेल्या साधनावर, म्हणजे त्याचा आदेश तिथवर नेणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, ठरते.

माझा एजंट पडद्यावर जाऊन माणसासारखी बटणे दाबत नाही. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही एआयला बाहेरच्या प्रणालींशी जोडण्याची ठरलेली पद्धत; तशा व्यवस्थेत त्याला मोजकी साधने दिलेली असतात. प्रत्येक साधनाला नाव असते, ते काय करते याचे वर्णन असते आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा ठरलेला साचा असतो. साधनांच्या यादीत जे नाही ते एजंटला करता येत नाही. माझ्या यादीत लिस्टिंग वाचणे, भाव बदलणे, साठा बदलणे आणि वर्णनाचा मसुदा ठेवणे एवढेच आहे. लिस्टिंग काढून टाकण्याचे साधन मी मुद्दामच ठेवलेले नाही.

आता खरी मेख. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी सुरू झाली की, सोलांचे भाव बदलत राहतात. समजा, विक्रेत्याने सांगितले की पाव किलोच्या पाकिटाला दहा रुपये वाढवा. साधन ‘इतके वाढव’ असा आदेश घेत असेल आणि बाजारपेठेकडून उत्तर येण्याआधी इंटरनेट तुटले, तर एजंट प्रामाणिकपणे तोच आदेश पुन्हा पाठवतो आणि १८० रुपयांचे पाकीट १९० ऐवजी २०० ला जाऊन बसते. म्हणून साधनाने वाढ नव्हे तर नवा भाव मागावा, आणि जुना भावही सोबत मागावा. ‘आता १८० आहे, तो १९० कर’ असे सांगितले, आणि प्रत्यक्षात १८० नसेल, तर साधन काम थांबवते. मग आदेश कितीदाही गेला तरी भाव १९० च राहतो.

दुसरी मेख अधिक धोक्याची, कारण ती चटकन दिसत नाही. अ‍ॅमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या व्यवस्थेत लिस्टिंग पूर्ण नव्याने लिहिण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तिच्यातील एखादाच भाग बदलण्याचा वेगळा. ईबेच्या साठ्याच्या व्यवस्थेत तर ‘तयार कर किंवा बदलून टाक’ अशीच क्रिया आहे : आपण जे पाठवत नाही, ते आधी तिथे असले तरी जाते. केवळ साठा बदलायला गेलेला एजंट अशा मार्गाने गेला, तर वर्णन आणि फोटो यांची वाट लागू शकते. म्हणून साधनाने आधी संपूर्ण लिस्टिंग वाचून घ्यावी, तिच्यात हवा तेवढाच बदल करावा आणि मग ती परत पाठवावी. ही शिस्त एजंटच्या स्मरणशक्तीवर सोडू नये.

वर्णनाच्या बाबतीत माझा एजंटवर फारसा विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. लाल मिरचीचा फोटो आणि गोव्याचा पत्ता दिसला की ‘अस्सल खोला मिरची’, ‘सेंद्रिय’ असे शब्द त्याच्या लेखणीतून सहज उतरतात. काणकोण तालुक्यातील खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव दुसऱ्याच मिरचीला लावणे हा शब्दांचा शृंगार नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. ‘सेंद्रिय’ म्हणायलाही प्रमाणपत्र लागते. वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रीतही निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे वा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता अशी माहिती दाखवावी लागते. हे तपशील एजंटने पाकिटाच्या फोटोवरून नुसते वाचावेत, स्वतः रचू नयेत. त्यामुळे वर्णन नेहमी मसुदा म्हणूनच थांबते.

मग मी काय करतो? मंजुरी देतो. माझ्यासमोर एक तक्ता येतो : मालाचा क्रमांक, जुना भाव, नवा भाव, छापील किंमत. नवा भाव छापील किमतीच्या वर गेला तर ती ओळ आधीच नाकारली जाते, माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅम, नमकीन अशा मालावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हा तक्ता लांबलचक झाला होता. ओळी भराभर मंजूर करण्याचा मोह अशा वेळी फार होतो, आणि मंजुरीची ही सोय निरुपयोगी ठरते ती नेमकी तिथेच. म्हणून दहा टक्क्यांहून जास्त फरक असलेल्या ओळी मी वेगळ्या काढायला लावतो आणि त्यांच्यासाठी विक्रेत्याला फोन करतो.

बाजारपेठेकडून ‘स्वीकारले’ असा निरोप आला म्हणजे बदल दुकानात दिसू लागला असेही नाही. विनंती दाखल झाली, एवढाच त्याचा अर्थ. पुढील तपासणीत ती अडकू शकते. एजंटला काही वेळाने तीच लिस्टिंग पुन्हा वाचायला लावली, तरच खरी स्थिती कळते.

ग्राहकांचे अभिप्राय वाचणाऱ्या वेगळ्या एजंटच्या हाती मी भाव बदलण्याचे साधन देत नाही. कोणी अभिप्रायातच ‘भाव एक रुपया कर’ असे लिहिले, तर एजंटला तो मालकाचा हुकूम वाटू शकतो.

तुम्ही स्वतःच्या दुकानासाठी विचारत असाल, तर एजंटला सुरुवातीला फक्त वाचण्याची मुभा द्या. कोणत्या लिस्टिंगमध्ये वजन नाही, कुठे छापील किंमत आणि विक्रीची किंमत जुळत नाही, याची यादी त्याला करू द्या आणि ती पाकिटे हातात घेऊन ताडून पाहा. भाव बदलण्याचे साधन त्यानंतर जोडा, आणि तेही आधी एकाच मालासाठी.