तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांदाही जुनीच गाडी का?

लग्नाच्या मांडवात विचारता, दवाखान्याच्या बाकड्यावर विचारता, गाडी धूत असलो तर फाटकाशी थांबून विचारता. ‘एकदा एवढे फसलात, तरी परत जुनीच घेतलीत?’ २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हापासून त्याला आणखी एक शेपूट जोडलं गेलंय, ‘आता तरी नवी घ्या की.’ दोघं कमावता, मुलगी एकच, हेही ऐकून झालं. दरवेळी मी हसून विषय बदलतो आणि घरी आल्यावर दिवसभर चिडचिड होते. म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

हिशोब आधी सांगतो, कारण तो सोपा आहे. शोरूमला ८ लाखांची गाडी घेतली की कर्नाटकात १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख १२ हजार, आणि त्यावर सेस. तीच पेट्रोल गाडी कोल्हापुरात घेतली तर ११ टक्के, ८८ हजार. म्हणून जो तो म्हणतो, पाहुण्यांच्या नावावर तिकडे घ्या. पण गाडी राहणार इथे, बेळगावजवळच्या खानापुरात. १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर तिकडून एनओसी आणा, इथे नोंदणी करा, इथला टॅक्स भरा आणि तिकडचा परत मिळावा म्हणून अर्ज घेऊन फिरत बसा. त्यात विमा कंपनीच्या कोष्टकात चार वर्षं ओलांडलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात. ती पहिली चार वर्षं दुसऱ्याने सोसलेली असली तर आपल्याला काय वाईट?

हा हिशोब मी २०१९ सालीही असाच मांडला होता. तेव्हाही तो बरोबरच होता. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर हिशोबात नाही, हे मला कळतं.

आप्पा, माझे वडील, कौलांच्या कारखान्यात राबले. कर्ज काढून लोखंड विकत घेऊ नये, हे त्यांचं ठाम मत. ‘जुनी घे, पण रोख घे,’ म्हणाले आणि आपल्या ठेवीतले दीड लाख माझ्या हातावर ठेवले. त्या डिसेंबरात कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून चार वर्षांची गाडी घेतली, ३ लाख १० हजारांना. एमएच १० पासिंग, म्हणजे सांगलीची. आपल्या सीमाभागात महाराष्ट्राची एमएच पाटी बघून मराठी माणसाच्या मनात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मलाही झालं. बॉनेट उघडायच्या आधी मी पाटीच बघितली होती.

सीटकव्हर कोरी करकरीत, आत अत्तराचा वास. मूळ मालकाच्या नावची विम्याची पॉलिसी सप्टेंबरात नव्याने काढलेली आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. चार वर्षं क्लेम नसता तर तिथे ४५ टक्के दिसायला हवे होते. ते शून्य मी वाचलं आणि पान उलटलं. ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर आला होता, हायवे कित्येक दिवस बंद होता, यमगर्णीकडचं पाणी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. चार महिन्यांनी त्याच पट्ट्यातली गाडी घेताना मला पूर आठवला नाही. आजही स्वतःला विचारतो, कसा नाही आठवला?

जून २०२०. पहिला जोराचा पाऊस. रात्री साडेनऊला आप्पांना दमा लागला. पंप दोनदा मारला, फरक पडेना. बेळगावला नेऊया ठरलं, २६ किलोमीटर, अर्धा-पाऊण तास. प्रभूनगर सोडलं आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, इंजिन बंद पडलं. कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवली तर नुसती टिकटिक, मग तीही थांबली. काचा सगळ्या बटणाच्या. एकही खाली येईना. आप्पा मागच्या सीटवर काचेवर तळहात आपटत होते. बोलता येत नव्हतं, नुसता हात आपटत होते. मी उतरून दार सताड उघडलं, तर पाऊस थेट त्यांच्या अंगावर. बायको ओढणी धरून उभी राहिली.

दिवस कोरोनाचे. धापा टाकणारा म्हातारा बघून तीन गाड्या थांबल्या आणि तिन्ही निघून गेल्या. त्यांना मी दोष देत नाही, मीही कदाचित गेलो असतो. चौथा भाजीचा टेम्पो होता, कोबी भरून मार्केटला निघालेला. ‘एनागेत्री?’ (काय झालंय?) म्हणत ड्रायव्हर खाली उतरला. मी मोडक्या कन्नडमध्ये दमा, दमा म्हणत राहिलो. त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही, आप्पांना काखेत धरून उचललं आणि केबिनमध्ये, खिडकीशी बसवलं. खिडकीची काच हँडल फिरवून खाली केली. आप्पांनी तोंड बाहेर काढलं. आम्ही दोघं मागे पोत्यांवर.

आप्पा सहा दिवसांनी घरी आले. गाडी ओढून बेळगावच्या उद्यमबागेत, मेस्त्रींच्या गॅरेजात नेली होती. मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. आत वाकले आणि ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट ओढत गेले, पार शेवटपर्यंत, जेवढा कोणी कधी ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट काळी रेघ होती. त्यांनी नखाने खरवडलं, तर वाळलेला गाळ भुगा होऊन माझ्या चपलेवर पडला. ‘पाण्यातली हाय की ही,’ एवढंच म्हणाले. स्टेपनीच्या खड्ड्यात तोच गाळ. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कपलर हिरवे पडलेले.

विक्रेत्याने नंतर फोन उचलला नाही. ‘कुणाला सांगू नका, विकून टाका,’ असं तुमच्यातल्याच काहींनी सांगितलं होतं. मी ४० हजारांना भंगारात दिली. तिच्यात दुसऱ्या कुणाचे आप्पा बसायला नको होते.

माझे आप्पा मात्र मनाला लावून बसले. ‘मीच म्हणालो होतो जुनी घे.’ दीड लाख गेले त्याचं नव्हे, नातीसमोर आपण चूक ठरलो याचं त्यांना लागलं होतं. चूक माझी होती. सीटबेल्ट मी ओढला नाही, ते शून्य मी वाचून सोडलं. हे त्यांना दहा वेळा सांगितलं, त्यांना पटलं नाही. २०२२ मध्ये ते गेले.

२०२३ मध्ये गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, ‘आता नवीच.’ तिचं बरोबर होतं. त्या रात्री ओढणी धरून तीच उभी होती. तरी मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांची केए २२, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी घेतली. पाच वर्षांची, एकच मालक. सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरसकट पहिल्यापासून तपासल्या. नो क्लेम बोनस ५० टक्के. सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, गालिचा उचलून सीटच्या पट्ट्या गंजल्यात का बघितलं, मेस्त्रींना सोबत नेलं. तेव्हा वाटलं, आप्पांचं म्हणणं खरं करून दाखवतोय. आता वाटतं, गेलेल्या माणसाला बरोबर ठरवायला घरातल्या जिवंत माणसांना जुन्या गाडीत बसवणं, हे काय कारण झालं? दोन्ही वाटतं. नवीन गाड्यांत एअरबॅग जास्त असतात, हे लेक दर आठवड्याला ऐकवते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एक कारण आहे, ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. या गाडीच्या मागच्या काचा हँडलच्या आहेत. गाडी बंद पडो, बॅटरी उतरो, मागे बसलेल्या माणसाला हाताने काच खाली करता येते. घेताना मी सगळ्यात आधी तेच बघितलं. दार उघडता येतंच की, हे मलाही समजतं. पण काचेवर आपटणारा तो तळहात मी आरशात बघितलाय.

परवाच्या रविवारी बायकोच्या आग्रहाने बेळगावला शोरूममध्ये गेलो. गाडी छान होती, किंमतही उतरलेली. सेल्समन पोरगा पुढची स्क्रीन दाखवत होता. मी मागचं दार उघडून आतल्या बाजूने हात फिरवत होतो. ‘काय बघताय काका?’ त्याने विचारलं. बायकोने त्याला खुणेनेच थांबवलं.