वीस मिनिटं हात लावायचा नाही

फायनल इयरची मेडिसिनची पोस्टिंग, ऑक्टोबर. रात्री देवगडकडचे एक काका आले. कलमांच्या बागेत गवत काढताना 'पान लागलं' म्हणाले. मी घाटावरची, सरळ विचारलं, "कुठल्या झाडाचं?" सिस्टर हसल्या. साप चावला असं इथे तोंडाने म्हणत नाहीत.

बहुधा फुरसं. वीतभर साप, पण रक्त गोठणंच बंद पाडतो. त्याची तपासणी अगदी साधी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करून बघायचं. काचच हवी. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि निकाल फसतो. हे सगळं मला पाठ होतं. तरी आठव्या मिनिटाला मी नळी उचलून हलवलीच.

सरांनी पाहिलं. "पुस्तकात 'न हलवता' लिहिलंय ते सजावटीला का?" नवी नळी, पुन्हा वीस मिनिटं. मी हात पाठीमागे बांधून घड्याळाकडे बघत उभी. तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सलाईनमधून सुरू केल्या. पहिला अर्धा तास रिअॅक्शनच्या भीतीने अॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज माझ्या हाताशी.

सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी. या वेळी गुठळी घट्ट, नळीला चिकटलेली. मी ती उगाचच तीनदा पाहिली.

काकांचं भलतंच चाललेलं, "बाय, माका घराक जावक कधी गावतला? गवात अर्धाच काढून झालाहा."