पेन्सिलवाले नाना

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पेनचा राग होता. बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन ते उष्टा चमचा धरावा तसं चिमटीत धरायचे आणि सही झाली की टाकून मोकळे व्हायचे. घरात मात्र जिथे तिथे पेन्सिली. शर्टाच्या खिशात एक, कानावर एक, पोथीत खुणेला एक. शार्पनर त्यांना मान्य नव्हता. खिडकीत उभं राहून अर्ध्या ब्लेडनं टोक काढायचे. साडीच्या काठाचा ग्राफ भरायचा असेल तर कडक एच, टोक लांब आणि अणकुचीदार. कीर्तनाचं टिपण करायचं असेल तर मऊ दोन बी, बोथट. पेन्सिल बोटभर उरली की जुन्या बॉलपेनच्या नळीत खोचायची. पेनचा उपयोग तेवढाच.

इंदूरच्या रामबागेत कोणी त्यांना फौजी म्हणायचं, कोणी बुवा. महेश्वरच्या विणकरांचे ते बाबूजी. लग्न होऊन आले तेव्हा घरात ही तीन नावं ऐकून मी काही दिवस तीन वेगळ्या माणसांची वाट पाहत होते.

फौजेत नाना सिग्नल्समध्ये लाइनमन. १९७१च्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर होते. लढाई ३ तारखेला पेटली, तिकडचा युद्धविराम १७ला. नातवंडं रणगाड्यांची वाट बघत पुढे सरकून बसायची आणि नाना सांगायचे तारेबद्दल. फील्ड टेलिफोनची तार जमिनीवरून टाकलेली. ती कधी गोळ्यानं तुटायची, कधी आपल्याच ट्रकच्या चाकाखाली. मग बत्ती न लावता, तार मुठीतून सरकवत अंधारात चालायचं, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत. जोडायची, फोन लावून बघायचा, परत फिरायचं. संदेश लिहायचे पेन्सिलीनं, कारण ओल लागली की शाई पसरते, शिसं पसरत नाही. गोष्ट संपली. धाकटा विचारायचा, ‘आणि शत्रू?’ नाना म्हणायचे, ‘तो त्याची तार शोधत असेल.’

शेवटचं पोस्टिंग महूला होतं, म्हणून घर इंदूरला झालं. निवृत्तीनंतर लोक सिक्युरिटीची नोकरी धरतात. नानांनी जाम घाट उतरून महेश्वर गाठलं आणि मागावर बसलेल्या माणसांकडून साडीच्या काठाचा ग्राफ भरायला शिकले. ग्राफचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर किंवा खाली. महेश्वरी काठावरची बरीच नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून आलेली: चटई, वीट, हिरा, लहर, रुईफूल. नाना घाटावर बसून दगडावरची वेल मोजायचे. एकदा त्यांनी फार हौसेनं एक फुललेलं फूल काढून नेलं. विणकरानं ग्राफ उजेडात धरला. ‘बाबूजी, फूल तो अच्छा है, पर करघा नहीं मानेगा.’ डॉबी म्हणजे मागावरचं धागे उचलणारं यंत्र, तिचे दांडे मोजके. त्याहून जास्त तऱ्हेनं धागे उचलायचे तर ती कुठून उचलणार? नानांनी तिथेच पाकळ्या खोडल्या, चार कोन ठेवले, आणि ते फूल पुढे बरंच चाललं. राजवाड्यावर गर्दीत एखादीच्या काठावर ते दिसलं की नाना आईंना कोपरानं ढोसायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, ‘बायकांच्या काठाकडे बघत चालू नका, मार खाल.’

कीर्तन नारदीय. पागोटं, उपरणं, हातात चिपळ्या, पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग हार-बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. नानांचा गळा बेताचाच होता, हे मी त्यांच्यादेखतही म्हणायचे. पण माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याला जागचं हलवत नसे. पेन्सिल त्यांनी कीर्तनातही आणली. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध चालू, तिकडचं उत्तम ग्राफाइट येईना. तेव्हा १७९५ साली कोंते नावाच्या माणसानं ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवली, भट्टीत भाजली, आणि शिसं केलं. माती जास्त तर टोक कडक, कमी तर मऊ आणि काळं. हा कोंते चित्रकारही होता आणि सैन्यातल्या बलून उडवणाऱ्या तुकडीतही. ‘आणि त्याच वर्षी ऑगस्टात,’ नाना आवाज खाली आणून म्हणायचे, ‘आमच्या अहिल्यामाता महेश्वरी विसावल्या.’ सभामंडपात हळहळ. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं मी घरी विचारलं. ‘काही नाही. पण मागच्या रांगा जाग्या होतात.’

कोंतेच्या मातीवरून ते गोरोबाकाकांच्या चिखलाकडे वळायचे. जुने फौजी म्हणून लोक लढाईचं आख्यान मागायचे, नाना लावायचे गोरा कुंभार नाहीतर सावता माळी. मला वाटतं, त्यांना वीररस रंगवता आलाच नसता. अंधारात तार धरून चालणाऱ्या माणसानं आवेश आणायचा कुठून? साडेनऊच्या आत मात्र ते आरतीला यायचे. सराफा बाजारात दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याची लागतात, आणि थंडीत गरम गराडूशी, म्हणजे तळलेल्या कंदाशी, कीर्तनाची स्पर्धा लावण्याइतके ते भाबडे नव्हते.

शोकपत्रात जावयांनी ‘कुटुंबवत्सल’ लिहिलं तेव्हा आई हसल्या. खरं तर नाना घरात सोपे नव्हते. पहाटे पाचला चादरींच्या घड्यांची तपासणी. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, नातवंडांच्या उंचीच्या रेघा दारावर, माझ्या रांगोळीला आधी पेन्सिलीचे ठिपके. मुलं लहान होती ती सगळी वर्षं ते सीमेवर कुठेतरी. ‘घर मी चालवलं,’ आई म्हणायच्या, ‘हे नंतर आखायला आले.’ नाना यावर कधी वाद घालत नसत. चहा करून आणायचे, तोही मोजून.

आता त्यांच्या कागदांवरून पेच आहे. नाना कागद वाया घालवत नसत. कीर्तनाची टिपणं वापरलेल्या ग्राफच्या पाठीवर. त्यामुळे एका बाजूला रुईफूल, दुसऱ्या बाजूला गोरोबा. महेश्वरच्या विणकराच्या मुलाला ग्राफ हवेत, आणि कीर्तन शिकणाऱ्या एका मुलीला आख्यानं. झेरॉक्स काढायला नेले तर एच पेन्सिलीच्या रेघा उमटल्याच नाहीत. मग आईंनी फर्मान काढलं, ग्राफ त्या स्वतः गिरवणार, आख्यानं मी. पहिल्याच कागदावर त्या थांबल्या, चौकोन दोनदा मोजले आणि म्हणाल्या, ‘इथे एक धागा जास्त धरलाय यांनी.’ खोडला. माझ्या बाजूचा गोरोबा त्या जागी जरा फाटला, पण मी काही बोलले नाही. रविवारी महेश्वरला जायचं ठरलंय. पोहे खाऊन निघू, म्हणजे विणकराच्या घरी जेवायचा आग्रह झाला तरी नाही म्हणता येईल, असं आईंचं म्हणणं. मला ते पटत नाही. निमाडातली माणसं नाही ऐकत नाहीत.