केस्तहेयच्या वाड्यातले मामा-भाचे

बुडापेस्टहून निघालेली गाडी बालाटोन सरोवराच्या दक्षिण काठाला लागली की बराच वेळ उजव्या हाताला पाणीच पाणी दिसत राहते. सरोवराच्या पश्चिम टोकाशी केस्तहेय हे गाव आहे. बहुतेक लोक इथे पोहायला येतात किंवा शेजारच्या हेवीझमधल्या गरम पाण्याच्या तळ्यात डुंबायला जातात. मी आले होते ती काउंट ज्यॉर्ज फेश्तेतिच (1755-1819) या जमीनदाराचे घर पाहायला. हंगेरीच्या एकोणिसाव्या शतकातल्या जागृतीविषयी वाचताना इश्तवान सेचेनी या सुधारकाचे नाव पदोपदी भेटते. ज्यॉर्ज हे त्यांचे सख्खे मामा.

घराण्याचे या गावाशी नाते जुळले ते ज्यॉर्ज यांच्या आजोबांमुळे. क्रिश्तोफ फेश्तेतिच यांनी 1739 मध्ये इथली जहागीर विकत घेतली आणि 1745 मध्ये वाड्याचे बांधकाम सुरू केले. वडील पाल हे व्हिएन्नाहून हंगेरीवर राज्य करणाऱ्या मारिया थेरेसाच्या दरबारातले वजनदार अधिकारी होते. कुळांनी जमीनदाराकडे किती वेठ करायची हे ठरवून देणाऱ्या 1767 च्या फर्मानाच्या कामात त्यांचा वाटा होता. 1782 मध्ये ते गेले, तेव्हा मुलाच्या वाट्याला अफाट जमीन आली आणि तिच्यासोबत तसेच अफाट कर्जही आले.

ज्यॉर्ज त्या वेळी सैन्यात होते. 1790 मध्ये ग्रेवेन हुसार या घोडदळाच्या पलटणीतल्या हंगेरियन अधिकाऱ्यांनी, हंगेरियन पलटणींवर हंगेरियन अधिकारी असावेत आणि हुकूम हंगेरियन भाषेत दिले जावेत, असा अर्ज देशाच्या विधिमंडळाकडे केला. त्या अर्जामागे लेफ्टनंट कर्नल फेश्तेतिच होते. व्हिएन्नाला हे मुळीच रुचले नाही. चौकशी झाली, त्यांना लष्करी न्यायालयासमोर उभे राहावे लागले, आणि 1791 मध्ये सैन्य सोडून ते केस्तहेयला येऊन राहिले. दरबारात पुढे जाण्याची वाट बंद झालेल्या या माणसाने उरलेले आयुष्य जमीन, शाळा आणि पुस्तके यांना वाहिले. मला ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही पदवीपेक्षा मोठी वाटते.

म्हणूनच वाड्यात शिरण्याआधी मी गेओर्गिकॉनच्या जुन्या आवारात गेले. 1797 मध्ये ज्यॉर्ज यांनी काढलेली ही शेतकी शिक्षणाची संस्था युरोपातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी एक. तिच्या आखणीत शामुएल तेशेदिक या धर्मोपदेशक-शिक्षकाचा सल्ला घेतला गेला होता, आणि जहागिरीचा कारभार यानोश नाद्यवाती या जाणत्या कारभाऱ्याने आधीच शिस्तीला लावला होता. हिशेब, पिकांची फेरपालट, जनावरांची निगा, द्राक्षमळे हे सारे विद्यार्थी वर्गात शिकत आणि शेतावर करून पाहत. आता तिथे शेतीचे संग्रहालय आहे. ओळीने मांडलेले नांगर पाहताना मात्र एक गोष्ट मनातून जाईना. ही सारी विद्या ज्या उत्पन्नावर उभी राहिली, ते कुळांच्या वेठीतूनही येत होते, आणि ती वेठ हंगेरीत 1848 पर्यंत संपली नाही. ज्यॉर्ज यांच्याविषयी आदर बाळगूनही हे सांगितलेच पाहिजे.

वाड्यात सर्वाधिक वेळ मी ग्रंथालयात काढला. दालनाच्या चारही भिंतींना ओकच्या लाकडाची कपाटे थेट छतापर्यंत भिडली आहेत, आणि मध्यावर फिरणाऱ्या सज्जालाही तेच लाकूड आहे. हे काम यानोश केर्ब्ल या केस्तहेयच्याच सुताराचे. जवळ जाऊन पाहिले की खांबांच्या कडा आणि फळ्यांचे सांधे किती निगुतीने जुळवले आहेत ते कळते. व्हिएन्नाहून कारागीर आणण्याची गरजच पडली नाही. संग्रह ऐंशी हजारांहून अधिक ग्रंथांचा. हंगेरीतल्या बड्या उमराव घराण्यांची ग्रंथालये युद्धात आणि नंतरच्या उलथापालथीत विखुरली. हे मात्र मूळ जागी टिकले. 1945 मध्ये एका सोव्हिएत अधिकाऱ्याने या भागाचे दार भिंत घालून बुजवले म्हणून पुस्तके वाचली, असे इथे सांगतात.

याच दालनात मला या घराण्याची नाती उलगडली. ज्यॉर्ज यांची बहीण युलियाना हिचे पहिले लग्न योझेफ सेचेनी यांच्याशी झाले होते. ते वारल्यावर 1777 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ फेरेन्त्स यांनी तिच्याशी लग्न केले. याच मेहुण्यांनी 1802 मध्ये आपला संग्रह देशाला अर्पण केला, आणि त्यातून हंगेरीचे राष्ट्रीय ग्रंथालय व संग्रहालय उभे राहिले. युलियानाचा मुलगा इश्तवान याने 1825 मध्ये आपले वर्षभराचे उत्पन्न, साठ हजार फोरिंट, हंगेरियन भाषेच्या विद्वत्सभेसाठी देऊ केले. मामाने भाषेसाठी अर्ज केला, तेव्हा भाचा जन्मालाही आला नव्हता. ज्यॉर्ज यांचा स्वतःचा मुलगा लास्लो मात्र उधळा निघाला आणि कर्जापायी जहागिरीवर जप्तीची पाळी आली. माझ्या मते या माणसाचा खरा वारसा बहिणीच्या घरी गेला.

वाड्याचे आजचे भपकेदार रूप 1880 च्या दशकातले, म्हणजे पणतू तासिलो यांचे. त्यांची पत्नी लेडी मेरी हॅमिल्टन स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातली. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लुई पुढे मोनॅकोचा सत्ताधीश झाला. झुंबरे आणि आरसे सुंदर आहेत, पण मी तिथे फार रेंगाळले नाही.

संध्याकाळी सरोवराकाठच्या हेलिकॉन उद्यानात गेले. 12 फेब्रुवारी 1817 रोजी ज्यॉर्ज यांनी केस्तहेयला कवींचा पहिला हेलिकॉन उत्सव भरवला. दानिएल बेर्झेनी आणि शांदोर किशफालुदी यांच्यासह युदित दुकाई ताकाच ही कवयित्रीही त्याला आली होती. विद्यार्थ्यांनी कविता म्हटल्या, आणि कवींच्या सन्मानार्थ झाडे लावली गेली. दोनच वर्षांनी ज्यॉर्ज गेले आणि उत्सवही थांबला.

केस्तहेयला जाणाऱ्यांनी आधी गेओर्गिकॉन पाहावे आणि मग वाड्यात जावे. तिथून सवड काढून उत्तरेला नाज्सेंक इथला सेचेनी वाडाही पाहावा. मी दुसऱ्या दिवशी तिकडेच निघाले.